सात पिस्टन

रविवारी सकाळी साडेदहापर्यंत रणपिशांच्या घरातल्या पाच माणसांना ती गोष्ट ठाऊक होती, आणि सहाव्याला ती कळू द्यायची नाही यावर पाचांचं एकमत झालं होतं. पाच रणपिशांचं एकमत होण्याची ही कल्याणीच्या आठवणीतली पहिलीच वेळ. ती सून म्हणून आली त्याला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत हॉलला रंग कुठला द्यायचा हेही ठरलं नव्हतं, त्यामुळे बोपोडीच्या त्या घराच्या भिंती अजून बिल्डरच्याच रंगाच्या होत्या.

सहावा माणूस, म्हणजे तिचे सासरे सुखदेव, वर गच्चीत टेबल पुसत होते.

द्वारकाबाईंचा, म्हणजे सुखदेवांच्या आईचा, आज स्मृतिदिन. खाली हॉलमध्ये वंदना झाली, सगळ्यांची खीर खाऊन झाली, आणि आता गच्चीवर सात इंजिनं चालवायची होती. हा दुसरा विधी कुठल्याही धर्मात सांगितलेला नाही. खुद्द द्वारकाबाईंना तो आवाज हयातीत सहन होत नसे. सुखदेव इंजिन घेऊन बसले की त्या शेजारणीकडे निघून जात. पण त्यांना पोचवून आले त्या दुपारी सुखदेव कुणाशी न बोलता गच्चीवर गेले आणि सातही इंजिनं एकामागून एक चालवत बसले. तेव्हापासून रीत पडली. सोसायटीने लेखी परवानगी दिली होती: वर्षातून एकदा, एक तास, दुपारच्या झोपेआधी.

इंजिनं मॉडेल विमानांची होती. मुठीत मावतील एवढी, दीड सीसीची, साठ वर्षांपूर्वी कलकत्त्यात हातांनी बनवलेली. म्हणायला डिझेल, पण प्यायची ईथर, रॉकेल आणि एरंडेल. ईथरचा वास आला की खालच्या मजल्यावरचे लोक कुणाचं ऑपरेशन आहे का विचारत. रॉकेल आता औषधालाही मिळत नाही. एरंडेल शनिवार पेठेतल्या काष्ठौषधीवाल्याकडून येई, आणि तो दरवर्षी सुखदेवांच्या पोटाची चौकशी करी. सुखदेव दरवर्षी 'बरं आहे' म्हणत, कारण खरं सांगण्यात अर्धा तास गेला असता.

ते एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग इन्स्ट्रक्टर होते. अठ्ठ्याऐंशी साली जुना साठा बाद झाला तेव्हा भंगाराच्या लिलावात ही सात त्यांनी उचलली, आणि धाकटे भाऊ दशरथ यांनी ती सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणली. सातही एकाच कारखान्यातली, एकाच मापाची. बाहेरच्याला एकच इंजिन सात वेळा दिसे. सुखदेवांना सात स्वभाव दिसत. तीन नंबर पहिल्या हाकेला उठतं, पाच नंबरला आधी शिव्या लागतात, एक नंबर पाहुण्यांसमोर चालत नाही, असं ते सांगत, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नसे.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी जाहीर केलं होतं की आता अठ्ठ्याहत्तर झाली, तेव्हा यंदा इंजिनं चालवून झाली की ती पुढे कुणी सांभाळायची ते सांगेन. तेव्हापासून घरातली हवा निवडणुकीसारखी झाली होती. कल्याणीच्या नवऱ्याला, चेतनला, ती आपल्या वाकडच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात हवी होती, खाली बारीक दिवे लावून. त्याची बहीण आम्रपाली सहकार खात्यात अधिकारी. तिच्या मते ती एखाद्या कॉलेजला रीतसर पत्र देऊन सुपूर्द करावीत. दशरथकाकांचं म्हणणं एका वाक्याचं होतं, आणि ते अडतीस वर्षं तेच होतं: सायकल कुणाची होती?

कल्याणीचं काही म्हणणं नव्हतं. तिने फक्त इंजिनं धुतली होती.

चेतनने आदल्या रविवारी फोटो काढायला म्हणून इंजिनं वाकडला नेली. त्यांच्यावर एरंडेलाचा चिकट तपकिरी थर बसला होता. कल्याणी दातांची डॉक्टर. तिच्या क्लिनिकात हत्यारं साफ करायचं यंत्र आहे, पाण्यात अशी थरथर निर्माण करणारं की दाताच्या खाचेतलाही मळ निघतो. बाबांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून तिने बुधवारी क्लिनिक बंद झाल्यावर इंजिनं उघडली. प्रत्येक पायरीचे फोटो काढले. बाहेरच्या सांगाड्यांवर आणि सिलिंडरांवर नंबर कोरलेले होते. ते तिने सात वेगळ्या ट्रेमध्ये ठेवले. पिस्टन अंगठ्याच्या पेराएवढे, त्यांच्यावर नंबर नव्हते. सुटे ठेवले तर हरवतील, या काळजीपोटी तिने ते सातही एकाच जाळीच्या टोपलीत घातले.

शुक्रवारपर्यंत, हाताला येईल तो पिस्टन घालून पुन्हा जोडलेली इंजिनं अशी चकाकत होती की चेतनने कपाटाची ऑर्डर देऊन टाकली.

शनिवारी संध्याकाळी बोपोडीत दशरथकाकांनी त्यातलं एक उचललं, पंखा बोटाने अर्धा फिरवला आणि खाली ठेवलं. मग दुसरं. मग सातही. चार सैल होती, तीन वरच्या टोकाला जाऊन अडत होती. त्यांनी कल्याणीला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात समजावलं. या पिस्टनला रिंग नसते. कारागीर प्रत्येक पिस्टन त्याच्याच सिलिंडरमध्ये हाताने घासून घासून बसवतो, केसाच्या शंभराव्या भागाचा हिशेब. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. “सात लग्नं लावलीस तू,” काका म्हणाले, “पण नवरदेव बदलून.”

त्यानंतर रात्रीचं जेवण होईपर्यंत एकेकाला कळत गेलं आणि एकेकाने आपला उपाय सांगितला. चेतन म्हणाला, इंधन शिळं झालंय असं म्हणू. आम्रपाली म्हणाली, योग्य वेळ पाहून सांगू; तिच्या खात्यात योग्य वेळ म्हणजे साधारणपणे बदली झाल्यानंतरची. सासूबाई शैला निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी नियम सांगितला की यांना वाईट बातमी उपाशीपोटी द्यायची नाही, आणि जेवल्यावर दिली तर झोप मोडते. मग कधी द्यायची, हे कल्याणीने विचारलं. “बघू,” शैलाबाई म्हणाल्या. काका म्हणाले, मी काही पाहिलेलं नाही.

कल्याणीने मान डोलावली, आणि त्याचीच तिला रात्रभर लाज वाटत राहिली. या घरात ती नऊ वर्षं 'डॉक्टर' होती. येणारा प्रत्येक नातेवाईक तिच्यासमोर आधी तोंड उघडे आणि मग नमस्कार करी. मान होता, पण जागा नव्हती. मागच्या वर्षी मात्र गच्चीवर बाबांनी इंजिन चालू असताना तिला जवळ बोलावलं आणि इंधनाची सुई, आत किती इंधन जायचं ते ठरवणारी, तिच्या हातात दिली. चेतनला त्यांनी ती अडतीस वर्षांत धरू दिली नव्हती. अर्धा मिनिट तिने ती धरली होती, एवढंच. आता ते अर्धं मिनिट परत घेतलं जाईल, हे तिला दिसत होतं.

*

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. सुखदेवांनी इंजिनांकडे पाहिलं, चष्मा काढला, परत घातला. छान धुतलीत, म्हणाले. कुणी धुतली ते विचारलं. चेतनने अभिमानाने कल्याणीचं नाव घेतलं आणि लगेच त्याला कळलं की आज ते नाव घ्यायची गरज नव्हती. सुखदेव म्हणाले, “बस इकडे,” आणि टेबलाशेजारच्या स्टुलाकडे बोट केलं. सुईच्या बाजूला.

डब्यातून इंजिनं काढून देणं हे काकांचं काम. पहिलं तीन नंबर, रीतीप्रमाणे. सुखदेवांनी ते लाकडी ठोकळ्यावर आवळलं, पंखा लावला, चार थेंब इंधन सोडलं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने पंख्याला फटका दिला. पंखा चार वेढे फिरला आणि थांबला. परत. परत. वीस फटके झाले. दाब कमीजास्त करणारा वरचा स्क्रू आवळून पाहिला, सैल करून पाहिला. तीन नंबर पहिल्या हाकेला उठणारं. आज ते हूं की चूं करेना.

काकांनी पाच नंबर दिलं. मग एक. मग सहा.

कल्याणी मोजत होती. तीन, पाच, एक, सहा ही चारही सैल इंजिनं होती. दोन, चार आणि सात, ती अडणारी, डब्यातच राहिली. अडणारं एखादं हातात आलं असतं तर बाबांना बोटाची गरजच लागली नसती, मनगटालाच कळलं असतं. काका डब्यात इतक्या गंभीरपणे पाहत होते, जणू तळाशी काही छापलेलं आहे.

चेतनने इंधनाचं सांगितलं. सुखदेवांनी बाटली उघडून वास घेतला आणि बूच लावलं.

“इंधन ताजं आहे. मीच परवा केलंय.” त्यांनी फडक्याला हात पुसले. एक एक बोट वेगळं पुसलं. “इंजिनंही चांगली आहेत. माझं बोट गेलं.”

त्यांनी ते अगदी शांतपणे सांगितलं, पाणी गेलंय असं सांगावं तसं. मधुमेहाने बोटांची जाणीव अशी जाते, डॉक्टर म्हणालेच होते. पंखा वर नेला की दाब बोटाला लागतो, उलटा ढकलतो; त्यावरून कळतं स्क्रू किती फिरवायचा, फटका कधी द्यायचा. मागच्या वर्षीच जरा शंका आली होती. आज तर काहीच लागत नाही. चार इंजिनं, चारही मुकी.

“चार इंजिनं एकाच वेळी बिघडत नाहीत,” ते म्हणाले. “तेव्हा बिघडलेला मी. दशरथ, तू घेऊन जा सगळी. तुझी बोटं अजून आहेत. सायकलवर आणली होतीस, आता रिक्षाने ने.”

काकांनी डबा मिटला. अडतीस वर्षांचा प्रश्न असा एका वाक्यात सुटेल, यासाठी त्यांची तयारी नव्हती. ते टाकीकडे पाहू लागले. कपाटाची ऑर्डर रद्द होते का, एवढंच बहुधा चेतनच्या मनात आलं असावं. आम्रपाली फोनमध्ये काहीतरी शोधत होती. शैलाबाई म्हणाल्या, चला, जेवून घेऊ. आणि त्या क्षणी कल्याणीला कळलं की सगळं छान जमलेलं आहे. कुणाला काही सांगायला नको. कुणी रागवणार नाही. फक्त एक माणूस खाली जाऊन जेवेल, झोपेल, आणि उठल्यावर त्याला हात नसतील.

“बाबा, पिस्टन बदललेत,” ती म्हणाली. “मी धुताना सगळे एकत्र केले. कुठला कुठे गेला मला माहीत नाही.”

चेतनने टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिने पाय बाजूला घेतला.

सुखदेव तिच्याकडे वळले. मग त्यांनी चौकशी केली, तीही क्रमाने. पाणी किती गरम होतं? साबण कुठला? सिलिंडरं कापडाने पुसली की हवेवर वाळवली? वाळल्यावर तेल लावलं का? तिने एकेक उत्तर दिलं. तेल लावलं होतं हे ऐकून त्यांनी मान हलवली. मग विचारलं की हे कळलं कधी. काल संध्याकाळी, काकांमुळे, ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला काकांकडे बघवेना.

सुखदेवांनी मात्र पाहिलं. काकांकडे, चेतनकडे, मुलीकडे, बायकोकडे. घाई नव्हती.

“म्हणजे माझं बोट जाऊ द्यायला तुम्ही सगळे तयार होतात,” ते म्हणाले.

“अहो, तसं कुणाच्या मनात…” शैलाबाई म्हणाल्या, आणि मुख्याध्यापिका असूनही त्यांना वाक्य पूर्ण करता आलं नाही.

“दादा, मी सांगणारच होतो,” काका म्हणाले.

“कधी? रिक्षात बसल्यावर?”

काकांनी डबा टेबलावर ठेवला. फार आवाज न करता.

*

जेवण राहिलं. सुखदेवांनी स्वच्छ ताट मागवलं, त्यावर पांढरं फडकं पसरलं आणि कल्याणीला सातही इंजिनं उघडायला सांगितली. ती उघडत गेली. ते बाजूला बसून सांगत होते. त्यांचा आवाज बदलला होता. मघाशी बोट गेलेला माणूस आता वर्गात उभा होता. पिस्टनला तेलाचा एकच थेंब लावायचा. सिलिंडर खालून उचलून धरायचं, पिस्टन आत ढकलायचा. ज्याचा तो असेल तर सहज जातो, आणि वरच्या टोकाशी जाता जाता मंदावतो, जणू आतून कुणी हात पुढे केलाय. तिथे थांबतो. सैल असेल तर थांबत नाही. परका असेल तर मध्येच आडवा येतो. हे डोळ्यांना दिसत नाही. मायक्रोमीटरलाही धड दिसत नाही.

मग त्यांनी तीन नंबरचं सिलिंडर हातात घेतलं. पहिला पिस्टन घातला, काढला. दुसरा घातला, काढला. तिसरा घातला आणि डोळे मिटून दोनदा वर-खाली केला.

“हा,” ते म्हणाले. चेहरा खुलला. “बघ. असं लागायला पाहिजे.”

कल्याणीने ते दोन्ही हातांत घेतलं. ती दिवसभर बारीक सुईने दात चाचपते. कीड लागलेली जागा डोळ्यांआधी तिच्या बोटांना कळते, आणि तिचं पोट त्यावरच चालतं. तिने पिस्टन वर ढकलला. तो टोकापर्यंत गेला. मंदावला नाही. कुणी हात पुढे केला नाही. रिकाम्या खोलीत शिरावं तसा तो वरपर्यंत गेला.

तिने पुन्हा केलं. तेच.

समोरून शैलाबाई बघत होत्या. त्यांना पिस्टनमधलं काही कळत नव्हतं, पण सुनेचा चेहरा वाचता येत होता. त्यांनी अगदी थोडी मान हलवली: हो म्हण. चेतनचंही तेच चाललं होतं. आम्रपालीने, आयुष्यात पहिल्यांदा, भावाच्या बाजूने मान हलवली. रणपिशांचं एकाच दिवसात दुसऱ्यांदा एकमत होत होतं.

'हो' म्हणणं सोपं होतं. सकाळपासूनच्या सगळ्याची भरपाई त्यात होती. रात्री गुपचूप बदलूनही टाकता आला असता. फक्त त्यानंतर तिने बाबांना काही सांगितलं असतं, तर त्याला अर्थ राहिला नसता.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “हा सैल आहे. थांबत नाही.”

सुखदेवांनी हात पुढे केला. सिलिंडर परत घेतलं. तोच पिस्टन घातला, मग दुसरा, मग परत तोच. डाव्या हाताने करून पाहिलं. बराच वेळ ते करत राहिले. खाली कुणाच्या तरी कुकरच्या तीन शिट्या झाल्या.

“मला दोन्ही सारखेच लागतात,” शेवटी ते म्हणाले.

म्हणजे सकाळची दोन्ही म्हणणी खरी होती. पिस्टनही बदलले होते आणि बोटही गेलं होतं. कल्याणीला वाटलं, आपण एक गोष्ट परत दिली आणि दुसरी काढून घेतली. तिने काहीतरी बोलायला सुरुवात केली; सुखदेवांनी मान हलवून ते नको म्हटलं आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

“तू बघ. मला घाई नाही.”

चौथा पिस्टन आडवा आला. पाचवा सैल. सहावा वर गेला, जाता जाता मंदावला आणि थांबला. तिने सिलिंडर उलटं केलं. पिस्टन पडला नाही. सुखदेवांनी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी स्क्रू पुढे केले.

इंजिन बांधायला वीस मिनिटं लागली. फटका तिनेच द्यायचा होता. पहिल्या दोन फटक्यांना इंजिनाने तिच्या बोटाला उलट ढकललं, एखाद्या जिवंत वस्तूने ढकलावं तसं. तिसऱ्याला पंख्याने पेरावर सणसणीत रट्टा मारला. तिच्या तोंडून सासरी कधी न निघालेला शब्द निघाला. शैलाबाईंनी तो ऐकला नाही, असं त्यांनी ठरवलं. चौथ्या फटक्याला तीन नंबर उठलं.

गच्ची त्या आवाजाने भरून गेली. टाकीवरची कबुतरं उडाली. सुखदेव खुर्ची वळवून इंजिनाकडे पाठ करून बसले, डोळे मिटले, आणि आवाजाच्या वरून ओरडून सांगू लागले. सुई पाव आटा आत. आणखी जरा. आता वरचा स्क्रू मागे, केसभर. ते खोकतंय, ऐकू येतंय? परत आण. परत आण. तिने बोटं थांबवली त्याच क्षणी ते “बस” म्हणाले, आणि आवाज एका सुरात लागला. मिनिटभर तो तसाच राहिला. मग इंधन संपलं.

कान बधिर झाले होते. काकांनी स्वतःहून फडकं उचलून टेबल पुसायला घेतलं. चेतन खाकरला. हिंजवडीत नऊ वर्षं मीटिंगा केलेला माणूस. निर्णय न घेता मीटिंग संपली की त्याला चैन पडत नाही. सहा राहिली आहेत, त्याने आठवण करून दिली. सोसायटीचा तास केव्हाच संपलाय. मग पुढे कसं?

सुखदेवांनी उरलेले सहा पिस्टन फडक्यात गुंडाळले. सिलिंडरं, सांगाडे आणि बांधलेलं तीन नंबर डब्यात ठेवलं, वर ते गाठोडं ठेवलं, आणि डबा कल्याणीसमोर सरकवला. एकेकाला त्याचं घर सापडेपर्यंत घाई करू नकोस, म्हणाले. अडलं की सिलिंडर घेऊन ये, नाहीतर फोनवर आवाज ऐकव.

“म्हणजे इंजिनं आमच्याकडे?” चेतनने विचारलं. त्याने आम्रपालीकडे पाहायचं टाळलं, पण फारसं जमलं नाही.

“तिच्याकडे,” सुखदेव म्हणाले, आणि ईथरची बाटली उचलून चेतनच्या हातात दिली. “ही तू धर. तिचे हात मोकळे राहू देत.”